दामदुप्पट, पण कोणाच्या पदरची?

‘दामदुप्पट’ हा शब्द आज मराठी माणसाच्या कानी पडतो तो बहुधा आमिष म्हणून. अमुक वर्षांत ठेव दामदुप्पट, अमुक महिन्यांत दामदुप्पट, असे सांगत जाहिरात दाराशी येते. या शब्दाचा मूळ अर्थ मात्र अगदी निराळा आहे. जुन्या हिंदू व्यवहारधर्मात दामदुपट हा सावकारावर घातलेला निर्बंध होता. कर्ज कितीही जुने झाले तरी एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होता कामा नये, असा तो नियम. आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही हिंदू ऋणकोच्या बाबतीत तो मान्य केला होता. म्हणजे पूर्वजांनी ज्या शब्दाने लोभाला वेसण घातली, त्याच शब्दाने आज लोभाला मोकळे सोडले जाते.

हा केवळ शब्दार्थातील फरक नव्हे. जुना नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर व्याज देणारा माणूस होता. मिळणाऱ्या प्रत्येक रुपयामागे तो कोणीतरी दिलेला असतो, हे ते विसरले नव्हते. आजच्या जाहिरातीत देणारा दिसतच नाही; दिसतो तो केवळ घेणारा. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर घरबसल्या मिळकतीचे जे नाना मार्ग रोज सुचविले जातात, त्यांतले पत्करावे कोणते व टाळावे कोणते, हा प्रश्न आता शहरातल्या तरुणापुरता राहिलेला नाही. निवृत्त शिक्षक, गृहिणी, कॉलेजचे विद्यार्थी, सर्वांनाच तो पडतो. त्याचे उत्तर शोधताना, हे पैसे शेवटी कोणाच्या पदरचे, हा जुना प्रश्न फार उपयोगी पडतो.

हैदराबाद शहराच्या इतिहासात या प्रश्नाची परीक्षा पाहणारी दोन प्रकरणे घडून गेली आहेत. दोन्ही प्रकरणे सरकारी चौकशीपर्यंत गेल्यामुळे त्यांचे कागद मागे राहिले आहेत. पहिले दोनशे वर्षांपूर्वीचे आहे आणि त्याची सुरुवात एका अर्थी पुण्यात होते.

इ. स. १८०० मध्ये नाना फडणविसांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्याबरोबर मराठी राज्यातील शहाणपण व संयमही लोपला, असा अभिप्राय पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटाने नोंदविला होता. हा रेसिडेंट म्हणजे पामर. १७९८ ते १८०१ पर्यंत तो पुण्यास होता. लखनौकडील बेगम फैज बक्ष हिच्यापासून त्याला झालेला पुत्र विल्यम पामर हा निजामाच्या फौजेत अधिकारी झाला, आणि १८१० नंतरच्या काही वर्षांत त्याने हैदराबादेत ‘विल्यम पामर आणि कंपनी’ या नावाची पेढी उभी केली. त्याचा भाऊ हेस्टिंग्ज पामर, गुजराती सावकार बंकटीदास आणि रेसिडेन्सीशी संबंधित असलेले काही इंग्रज गृहस्थ तिच्यात भागीदार होते. गोदावरीकाठच्या जंगलांतील सागवान जहाजबांधणीसाठी बाहेर काढावयाचे, असाही तिचा एक उद्देश सांगितला जात असे. परंतु तिचा खरा धंदा पैशाचा होता.

त्या वेळी गादीवर सिकंदर जाह हा निजाम होता. कारभार मात्र राजा चंदूलाल याच्या हाती एकवटला होता. इंग्रजांच्या आग्रहाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी फौज ठेवण्यात आली होती, तिचा पगार दरमहा रोख द्यावा लागे. महसूल मात्र पिकावर अवलंबून. तो वेळेवर येत नसे, आला तरी वाटेत गळत असे. कारवानातील व बेगमबाजारातील सावकार कर्ज देत; परंतु निजामाच्या दरबाराकडून वसुली करणे ही सोपी गोष्ट नव्हती, आणि म्हणून त्यांचे दरही चढे असत. या अडचणीच्या जागी पामरची पेढी येऊन बसली.

पेढी कर्जे देई ती केवळ स्वतःच्या भांडवलातून नव्हे. लोकांच्या ठेवी ती घेई आणि त्यांवर शेकडा १२ दराने वार्षिक व्याज देई. लष्करी अधिकारी, नोकरपेशातील युरोपीय मंडळी, शहरातील सधन माणसे अशांनी आपली शिल्लक तेथे ठेवली. त्यांना अविचारी म्हणता येणार नाही. त्यांनी विचार केला होता. पण तो विचार पेढीच्या प्रतिष्ठेपाशी येऊन थांबला होता.

ती प्रतिष्ठा होतीच तशी. पेढीची कोठी रेसिडेन्सीच्या शेजारी. १८११ पासून रेसिडेंट असलेल्या हेन्री रसेलचा तिच्यावर वरदहस्त. पुढे सर विल्यम रंबोल्ड हा इंग्रज सरदार भागीदार झाला, आणि त्याची पत्नी तर खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याच्या घरी वाढलेली पालित कन्या. युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांनी हिंदी राजांना परवानगीवाचून कर्ज देऊ नये, असा १७९७ चा कायदा होता. १८१६ मध्ये हेस्टिंग्जच्या सरकारने पामर कंपनीला त्यातून सूट देणारा परवाना दिला. झाले! ज्या पेढीच्या पाठीशी रेसिडेंट, गव्हर्नर जनरल आणि कायद्याचा परवाना उभा, तिच्यात ठेवलेला पैसा बुडेल कसा, असे सामान्य ठेवीदाराला वाटले असेल तर त्यात नवल नाही. व्याजही वेळच्या वेळी मिळत होते.

पण हे व्याज येत कोठून होते? पेढी ठेवीदाराला शेकडा १२ देत असे, तर निजाम सरकारकडून शेकडा २४-२५ घेत असे. औरंगाबादेकडील फौजेच्या पगाराचा करार त्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पेढीने दरमहा दोन लक्ष रुपये, म्हणजे वर्षाला चोवीस लक्ष, फौजेला पुरवावयाचे, आणि त्याच्या फेडीसाठी सरकारने वार्षिक तीस लक्ष रुपयांच्या महसुलाचे तनखे पेढीच्या नावे लावून द्यावयाचे. चोवीस दिल्यावर तीस येणार. आणि चोवीस लक्षही एकदम गुंतवावयाचे नाहीत, महिन्यामहिन्याने द्यावयाचे. ब्रिटिश प्रजाजनाने शेकडा १२ हून अधिक व्याज घेऊ नये, असा १७७३ चा कायदा होता. परंतु निजामाच्या मुलखात तो लागू नाही, असा कायदेशीर सल्ला मिळविण्यात आला होता.

हे तनखे ज्या महसुलावर होते, तो महसूल देणारे हात शेतकऱ्यांचे होते. निजामाच्या राज्यातील मराठी मुलूख, म्हणजे आजचा मराठवाडा आणि वऱ्हाड, तेव्हा नुकताच युद्धांच्या आणि पेंढाऱ्यांच्या धामधुमीतून बाहेर पडला होता. तालुके इजाऱ्याने दिले जात. जो इजारदार अधिक बोली बोले त्याला तालुका, आणि मग त्याने रयतेकडून काय वाटेल ते काढावे. सरकारला कर्जाचा हप्ता द्यावयाचा, म्हणून इजारदाराकडे तगादा. इजारदाराचा तगादा पाटलाकडे. आणि पाटलाचा कुळाकडे. हैदराबादेच्या कोठीतून बाराव्या महिन्याला बिनबोभाट मिळणारे बारा रुपये अशा रीतीने औरंगाबादेकडच्या काळ्या मातीतून आलेले असत. ठेवीदाराला ते दिसत नव्हते, एवढेच.

नोव्हेंबर १८२० मध्ये चार्ल्स मेटकाफ हा रेसिडेंट म्हणून हैदराबादेस आला. त्याच वर्षी पामर कंपनीने निजाम सरकारला साठ लक्ष रुपयांचे नवे कर्ज देण्याची योजना कलकत्त्याहून मंजूर करून घेतली होती. जुनी महाग कर्जे फेडावी, फौजेची थकबाकी द्यावी, रयतेला तगाई द्यावी, अशी उदात्त कारणे तिच्यात दिली होती. कौन्सिलमध्ये मते समसमान पडली, आणि हेस्टिंग्जने आपले निर्णायक मत देऊन ती मंजूर केली. मेटकाफने हिशेब तपासले, तेव्हा साठ लक्षांतील पुष्कळशी रक्कम प्रत्यक्षात कोणाला मिळालेलीच नाही, पेढीचेच जुने येणे नव्या नावाने लिहिले गेले आहे, आणि आठ लक्ष रुपये तर भागीदारांना बक्षिसी म्हणून जमा धरले आहेत, असे त्याचे म्हणणे पडले. त्याने जिल्ह्यांत फिरून गावांची अवस्था पाहिली, गावागावाशी महसुलाचे ठराव करण्यास प्रारंभ केला, आणि या कर्जाच्या ओझ्याखाली राज्य सावरणे शक्य नाही, असे कलकत्त्यास कळविले. हेस्टिंग्जला ते रुचले नाही. परंतु जानेवारी १८२३ मध्ये तो हिंदुस्थान सोडून गेला, आणि पेढीच्या पाठीशी असलेला तो एक मोठा आधार नाहीसा झाला.

मग जो उपाय योजण्यात आला, त्याचे गणित लक्षात ठेवण्याजोगे आहे. पूर्वकिनाऱ्यावरील उत्तर सरकार या प्रांताबद्दल इंग्रज कंपनी निजामाला दरसाल सात लक्ष रुपये पेशकश देत असे. ती कायमची बंद करून तिच्या बदल्यात एकदाच १,१६,६६,६६६ रुपये देण्याचे १८२३ मध्ये ठरले. सात लक्ष हे या रकमेवरील शेकडा ६ दराचे व्याज होय. या पैशातून पामर कंपनीचे सरकारकडील येणे भागविण्यात आले. शेकडा २५ चे कर्ज फेडण्यासाठी राज्याने आपले कायमचे उत्पन्न शेकडा ६ च्या हिशेबाने विकले, असा याचा अर्थ.

एवढी रक्कम हाती आल्यावर पेढी तरावयास हवी होती. ती तरली नाही. तिचे अन्य येणे दरबारातील उमरावांकडे अडकले होते. ते वसूल करण्याचे सामर्थ्य पेढीच्या वहीत नसून रेसिडेन्सीच्या दबदब्यात होते, आणि तो दबदबा आता पाठीशी नव्हता. नव्या व्यवहारांना इंग्रज सरकारची मनाई झाली होती. विश्वास उडाला, आणि १८२४ मध्ये पेढी बुडाली. तिच्याबरोबर ठेवीदारांची शिल्लकही गेली. रंबोल्ड आपल्या येण्याच्या मागे लागून पुन्हा हैदराबादेस आला आणि १८३३ मध्ये मरण पावला. लंडनमध्ये कंपनीच्या भागधारकांच्या सभेत १८२५ मध्ये या प्रकरणावर दिवसेंदिवस वादविवाद झाले.

या पेढीविषयी इतिहासकारांचे एकमत नाही. कॅरन लिओनार्ड यांनी अलीकडे असा पक्ष मांडला आहे की, ही मूलतः हिंदी पद्धतीची पेढी होती, निजामाच्या राज्याला तिचा उपयोग होता, आणि मेटकाफप्रभृतींनी तिच्यावर अन्याय केला. तो पक्ष मान्य केला तरी ठेवीदाराच्या दृष्टीने निष्कर्ष बदलत नाही. पेढी दुष्ट असो वा सुष्ट, तिचे व्याज ज्या एका झऱ्यातून येत होते तो झरा एका हुकमाने बंद होऊ शकत होता, आणि ठेवीदाराला त्या झऱ्याचा पत्ताही नव्हता. त्याने परवाना पाहिला, कोठी पाहिली, मोठी नावे पाहिली. ऋणकोकडे मात्र पाहिले नाही.

दुसरे प्रकरण यानंतर साठ-बासष्ट वर्षांनी घडले. १८७१-७२ च्या सुमारास भूगर्भशास्त्र खात्याचे विल्यम किंग यांना निजामाच्या राज्यात येल्लंदूजवळ दगडी कोळसा आढळला. पुढे रेल्वे आली, तेव्हा त्या कोळशाला मोल आले. जानेवारी १८८६ मध्ये वॉटसन व स्ट्यूअर्ट या दोघा इंग्रजांना राज्यातील खाणींचा नव्व्याण्णव वर्षांचा मक्ता देण्यात आला. या व्यवहारामागील कर्ता पुरुष होता निजाम सरकारचा एक बडा अधिकारी, सरदार अब्दुल हक. मक्त्याच्या लाभात त्याचाही गुप्त वाटा होता.

त्याच वर्षी लंडनमध्ये ‘हैदराबाद (डेक्कन) कंपनी’ नोंदविण्यात आली. तिचे भांडवल दर्शनी दहा लक्ष पौंडांचे, म्हणजे दहा पौंडांचा एक असे एक लक्ष शेअर. पण त्यांपैकी ८५,००० शेअर, पूर्ण पैसे भरले असे मानून, मक्तेदारांनी स्वतःकडेच ठेवले. ते त्यांना मक्त्याचा मोबदला म्हणून मिळाले. रोख पैसे आले ते केवळ उरलेल्या १५,००० शेअरांचे, म्हणजे दीड लक्ष पौंड. खाणीत उतरणारा पैसा हा एवढाच. बाकीचा डोंगर कागदाचा. गोवळकोंड्याच्या हिऱ्यांची कीर्ती युरोपात शतकानुशतके पोहोचलेली होती. ‘हैदराबादच्या खाणी’ हे शब्दच लंडनच्या बाजारात पुरेसे होते. शेअरचा भाव दर्शनी किमतीच्या वर गेला. आणि मग अब्दुल हकने निजाम सरकारच्या पैशानेच या कंपनीचे शेअर चढ्या भावाने खरेदी करविले. ते बाजारातून घेतल्याचा देखावा होता. वस्तुतः ते मक्तेदारांच्या गटातूनच आलेले होते. ज्या राज्याने खाणी फुकट दिल्या, त्याच राज्याने त्या खाणींचे कागद पैसे देऊन परत घेतले!

प्रकरण बाहेर फुटले. १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभेने निवड समिती नेमून साक्षी घेतल्या, आणि अब्दुल हकला पद गमवावे लागले. येथपर्यंतची हकिकत एखाद्या नेहमीच्या लबाडीसारखी वाटेल. पण तिच्यात एक गोष्ट विशेष आहे. कोळसा खरा होता. येल्लंदूच्या खाणी चालू झाल्या. १९२० मध्ये ‘सिंगरेणी कॉलरीज’ या नावाची कंपनी पुढे आली, १९४५ मध्ये ती हैदराबाद संस्थानच्या ताब्यात गेली, आणि आज तेलंगण राज्य व केंद्र सरकार यांच्या मालकीने ती लक्षावधी टन कोळसा काढीत आहे. खोटी होती ती किंमत. खाण खरी आहे, यंत्र खरे आहे, शोध खरा आहे, एवढ्यावरून त्याचा चढ्या भावाने विकला जाणारा कागदही घेण्यासारखा आहे, असे ठरत नाही. त्या कागदाचा वाढलेला भाव कोळशातून आलेला नव्हता, तो पुढच्या गिऱ्हाइकाच्या खिशातून यावयाचा होता. आणि शेवटचे गिऱ्हाईक ठरले ते निजामाच्या प्रजेचा खजिना.

पामरच्या पेढीत नफा रयतेच्या पदरचा होता. खाणींच्या कागदात तो पुढच्या खरेदीदाराच्या पदरचा होता. यापुढची पायरी अमेरिकेतील बोस्टन शहरी चार्ल्स पाँझी याने १९२० मध्ये दाखविली. पंचेचाळीस दिवसांत शेकडा ५० नफा, असे त्याचे वचन. परदेशी टपालाच्या उत्तर-कुपनांचा व्यापार हे त्याने सांगितलेले साधन. प्रत्यक्षात तो व्यापार नावापुरताच होता. आज आलेल्या ठेवीदाराचे पैसे काल आलेल्याला नफा म्हणून दिले जात. नवे येईनात तेव्हा सारे कोसळले.

आणि आता आपल्या काळातली हैदराबादची गोष्ट. जुलै २०२३ मध्ये शहर पोलिसांनी एका मोठ्या टोळीचा तपास लावल्याचे जाहीर केले. घरबसल्या काम, काम अगदी हलके; संगणकीय जाळ्यावरील ठिकाणांना किंवा वस्तूंना चांगला अभिप्राय देणे, तारे देणे. टेलिग्रामवरून निरोप येई. फसविल्या गेलेल्या एका हैदराबादकराला आरंभी एक हजार रुपये भरावयास सांगण्यात आले, आणि त्यावर ८६६ रुपये नफा खरोखरच मिळाला. मग रकमा वाढत गेल्या. पडद्यावर त्याच्या नावापुढचा आकडा फुगत होता. तो काढू मात्र येत नव्हता. काढावयाचा तर आणखी भरा, असे उत्तर मिळे. शेवटी त्याचे सुमारे २८ लक्ष रुपये गेले. देशभरातून अशा रीतीने ७१२ कोटी रुपये गोळा करून ते नाना खात्यांतून फिरवीत परदेशी पाठविले गेले, असे पोलिसांनी सांगितले. फसलेल्यांची संख्या सुमारे पंधरा हजार.

या प्रकारात कोळसाही नाही, रयतही नाही. ८६६ रुपयांचा तो पहिला नफा हे केवळ गळाला लावलेले गांडूळ. त्यानंतर पडद्यावर दिसलेला सारा नफा ज्याच्या त्याच्या स्वतःच्या पैशाचाच फुगविलेला आकडा होता. दोनशे वर्षांत नफ्याचा उगम शेतकऱ्याच्या घरून निघून शेजाऱ्याच्या घरी आला, आणि आता तो आपल्याच घरी येऊन ठेपला आहे.

यावरून संगणकाच्या जाळ्यावर मिळणारे सारेच काम खोटे, असे मात्र म्हणू नये. ते अन्यायाचे होईल. भाषांतर, शिकवणी, हिशेब, आकृत्या काढणे, संगणकाच्या प्रणाली लिहिणे, घरी केलेली लोणची-मसाले दूरच्या गिऱ्हाइकाला विकणे, अशा कितीतरी कामांवर आज हैदराबादेत, पुण्यात, लातुरात लोक प्रामाणिकपणे पोट भरतात. या कामांना देणारा दिसतो. त्याला भाषांतर हवे असते, मुलाला गणित यावयास हवे असते, जेवणात लोणचे हवे असते. म्हणून तो पैसे देतो. येथे प्रश्न उरतो तो एवढाच की, ते काम आपल्याला परवडते की नाही. त्यासाठी कागद-पेन्सिल पुरे. महिन्याकाठी हाती आलेल्या रकमेतून वीज, जाळ्याचे शुल्क, मध्यस्थाचे दलाल-पट्टे आणि उपकरणाची झीज वजा करावी, उरलेल्या रकमेला खरोखर लागलेल्या तासांनी भागावे, आणि येणारा तासाचा मोबदला आपल्या गावच्या दुसऱ्या एखाद्या कामाशी ताडून पाहावा. काम शोधण्यात व थकलेले बिल मागण्यात गेलेले तासही त्यात धरावे. पुष्कळ आकर्षक धंदे या एका भागाकारात फिके पडतात, आणि काही साधे धंदे टिकतात.

जेथे काम नाही, केवळ पैसा ठेवावयाचा आहे, तेथे दुसरे गणित करावे. एक लक्ष रुपयांवर शेकडा १२ म्हणजे महिना एक हजार. पामरच्या पेढीचा दर तो हाच. आता कोणी दिवसाला शेकडा एक देऊ म्हणाला, तर ऐकावयास तो फार लहान आकडा वाटतो. परंतु चक्रवाढीने वर्षअखेर तो मूळ रकमेच्या जवळजवळ अडतीस पट होतो. लाखाचे अडतीस लाख. असा नफा देणारे शेत, कारखाना किंवा खाण या पृथ्वीवर कोठे आहे, असे त्याला विचारावे. असे साधन ज्याला खरोखर गवसले, त्याला अनोळखी माणसाच्या पंचवीस हजारांची गरज का पडावी, हेही विचारावे. दुपटीच्या वचनाने डोळे दिपतात, म्हणून हा हिशेब रात्री एकट्याने न करता घरच्या वडीलधाऱ्यांसमोर करावा हे बरे.

तिसरी गोष्ट परतीची वाट. हैदराबादेच्या कोठीत व्याज मिळत होते तोवर मुद्दल मागण्याचे कोणाला सुचले नाही. पडद्यावरचा आकडा वाढत होता तोवर तो काढून पाहण्याची घाई झाली नाही. ज्या दाराने पैसा आत जातो, त्याच दाराने तो बाहेर येतो का, हे मोठी रक्कम घालण्यापूर्वी पाहावे. एकदा लहानशी रक्कम परत आली, एवढ्यावर मात्र भुलू नये. ८६६ रुपयेही परत आलेच होते. काम देणाऱ्याने आधी पैसे मागितले, किंवा स्वतःचेच पैसे काढण्यासाठी आणखी पैसे भरावयास सांगितले, तर तेथेच थांबावे.

कायद्याचे साहाय्य आज पूर्वीपेक्षा पुष्कळ आहे. साखळीने माणसे जोडून पैसा फिरविण्याच्या योजनांवर १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि अनियंत्रित ठेवयोजनांवर २०१९ च्या. ठेवी गोळा करणाऱ्या संस्थेविषयी माहिती घेण्यासाठी व तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये ‘सचेत’ हे स्थळ उघडले. पैसा गेल्याचे ध्यानात येताच १९३० या क्रमांकावर कळविल्यास तो वाटेत अडविण्याची शक्यता असते. लाजेखातर चार दिवस गप्प बसण्याने ती शक्यता संपते. पण परवान्याच्या बाबतीत १८१६ सालची आठवण ठेवावी. परवाना नसेल तर दूर राहावे, हे खरे. परवाना आहे म्हणून डोळे मिटावे, हे खरे नव्हे.

विल्यम पामर पेढी बुडाल्यावरही चाळीसहून अधिक वर्षे हैदराबादेतच राहिला आणि १८६७ मध्ये तेथेच वारला. त्या अवधीत राज्याच्या कर्जाची सवय काही सुटली नव्हती. फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांचे देणे साचत गेले, आणि त्यापायी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशीवकडील मुलूख व रायचूरचा दुआब इंग्रजांच्या हवाली झाला. १८६० मध्ये धाराशीव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड कायमचे गेले. एका मराठी प्रांताचा सारा पुढचा इतिहास बदलून टाकण्याइतके सामर्थ्य त्या देण्यात होते. वऱ्हाडातल्या कुणबी शेतकऱ्याने त्या कर्जाच्या कागदावर कधी अंगठा उमटविला नव्हता; पण ते फेडणाऱ्यांत तो होता.

म्हणून पुढच्या वेळी दामदुपटीचा निरोप आला, तर ‘मला किती मिळेल?’ हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवावा. ‘हे कोण देणार आहे, आणि कशाच्या बदल्यात?’ असे आधी विचारावे. उत्तरात एखादे काम, एखादी वस्तू आणि ती घेणारा माणूस दिसला, तर पुढचा हिशेब करावा. त्यातले काहीच दिसले नाही, तर देणारे आपणच आहोत असे समजून पैसा गाठीला ठेवावा.